ज्याअर्थी डॉक्टरसाहेब निवृत्त होत आहेत

टेक्सास राज्याचे विधिमंडळ नियमित अधिवेशनासाठी दोन वर्षांतून एकदाच, विषम सालच्या जानेवारीतील दुसऱ्या मंगळवारी, ऑस्टिन येथील गुलाबी ग्रॅनाइटच्या प्रासादात भरते आणि १४० दिवसांनी, काम उरो वा न उरो, आपले दप्तर बांधून घरोघर जाते. दरमहा ६०० डॉलरांच्या तनख्यावर राबणाऱ्या या लोकप्रतिनिधींना एवढ्या अल्प मुदतीत साऱ्या राज्याचे अंदाजपत्रक, शाळा, रस्ते आणि तुरुंग यांची वासलात लावावयाची असते. तथापि सत्पुरुषांच्या गौरवाला त्यांनी वेळ कमी पडू दिल्याचे कोणी ऐकलेले नाही. शंभरी गाठलेली आजी, सामने जिंकून आलेला शाळेचा फुटबॉल-संघ, आणि विशेषेकरून एकाच गावी तीस-चाळीस वर्षे नाड्या पाहून आता स्टेथोस्कोप खुंटीला लावणारा वृद्ध डॉक्टर, अशांच्या नावे ठराव लिहिले जातात. सत्कारमूर्ती सहकुटुंब प्रेक्षकांच्या सज्जात उभी राहते आणि खालून टाळ्यांचा गजर होतो. आपल्याकडची शाल आणि श्रीफळ तेवढे नसते, एरवी सोहळा ओळखीचा वाटावा असाच.

ठरावाची भाषा साधारणतः अशी असते: ज्याअर्थी सदर डॉक्टरसाहेबांनी अपरात्री दार ठोठावणाऱ्यास कधी विन्मुख पाठविले नाही, आणि ज्याअर्थी त्यांच्या अचूक निदानावर तीन पिढ्यांनी निःशंक विश्वास टाकला, त्याअर्थी हे सभागृह त्यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त करीत आहे. असल्या ठरावाला विरोध करणे असभ्यपणाचे गणले जाते, आणि तो वाचून पाहणे बहुधा त्याहूनही. १९७१ साली वेको येथील प्रतिनिधी टॉम मूर यांनी अल्बर्ट डिसाल्व्हो नामक गृहस्थाच्या लोकसंख्या-नियंत्रणातील कार्याचा गौरव करणारा ठराव मांडला आणि सभागृहाने तो एकमुखाने मंजूर केला. हे गृहस्थ म्हणजे स्त्रियांचे गळे आवळल्याची कबुली दिलेला ‘बॉस्टन स्ट्रँगलर’! आपले सहकारी मंजूर करीत असलेला कागद वाचीत नाहीत, एवढेच सिद्ध करावयाचे होते, असा खुलासा करून मूर यांनी ठराव मागे घेतला. मागे घेण्यासही कोणी हरकत घेतली नसणार.

टाळ्या विरल्या, सज्जा रिकामा झाला आणि आरोग्यविम्याच्या नियमनाचे विधेयक पटलावर आले, म्हणजे मात्र याच सभागृहाची वाचनाची आवड अकस्मात जागृत होते. प्रत्येक स्वल्पविरामाचा कीस पडतो. प्रश्न असतो पूर्वसंमतीचा: ज्या डॉक्टराच्या अचूक निदानाचा सकाळी जयजयकार झाला, त्याने गुडघ्याचा एम.आर.आय. लिहून दिला असता, रुग्णाचे तोंडही न पाहिलेल्या विमा कंपनीच्या दप्तरी आधी दरखास्त रुजू करावी लागते आणि तेथून ‘मंजूर’ असा शेरा येईतो रुग्णाला लंगडत राहावे लागते. अनावश्यक तपासण्यांनी सर्वांचाच हप्ता चढतो, हा कंपन्यांचा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही. वारेमाप तपासण्या लिहिणारे धन्वंतरी टेक्सासातही आहेत. परंतु त्यांना आवरण्यासाठी उरलेल्या सर्वांना अर्जदार करून ठेवावे, हा न्याय अजब खराच.

म्हणून २०२१ साली विधिमंडळाने ‘गोल्ड कार्ड’ नावाची सनद निर्माण केली. एखाद्या विशिष्ट सेवेसाठी सहा महिन्यांत केलेल्या अर्जांपैकी ९० टक्के मंजूर झाले, तर त्या सेवेपुरती आणि त्या कंपनीपुरती डॉक्टराला पूर्वसंमतीतून माफी, असा तेव्हाचा नियम होता. मात्र निदान पाच अर्ज केलेले हवे होते. सबब जो मुळातच जपून तपासण्या लिहितो, तो विश्वासास अपात्र! या चाळणीतून पहिल्या फेरीत राज्यातील जेमतेम ३ टक्के डॉक्टर पार पडले. गौरवाच्या ठरावाला असली कोणतीच अट नव्हती, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

आणि हा इतका खटाटोप करून राज्याचा अंमल चालतो तरी कोणावर? विम्याचे नियमन राज्यांनी करावे, असे वॉशिंग्टनच्या काँग्रेसने १९४५ साली ठरविले. पुढे १९७४ च्या ‘एरिसा’ कायद्याने, आपल्या नोकरांच्या उपचारांचा खर्च जे मालक स्वतःच्या तिजोरीतून भागवितात, त्यांच्या योजना राज्यांच्या हातून काढून घेतल्या. मोठे मालक बहुधा याच वाटेने जातात. परिणामी टेक्सासच्या विमा खात्याचा हुकूम राज्यातील साधारण पाचव्या हिश्श्यालाच लागू पडतो. स्वतः सत्कारमूर्ती पासष्टी ओलांडलेली असेल, तर तीही केंद्राच्या मेडिकेअरच्या छत्राखाली, म्हणजे या कायद्याच्या बाहेरच. शिवाय विमाच नसलेल्यांचे प्रमाण सबंध देशात टेक्सासात सर्वाधिक, सुमारे सहांत एक. त्यांना पूर्वसंमतीचा जाच बिलकूल नाही, कारण त्यांना संमती कोणाकडे मागावी हेच ठाऊक नसते. बहुतांशी केंद्राच्या पैशाने गरिबांची मेडिकेड योजना वाढविण्याची सूचना टेक्सासात अधिवेशनामागून अधिवेशन येते आणि तशीच परत जाते. तिच्या निरोपाचा ठराव मात्र अद्याप कोणी मांडलेला नाही.

ह्यूस्टन-डॅलसकडे ज्यांची मुले-सुना नांदत आहेत, अशा वाचकांना एक विनंती. पुढच्या खेपेस फोनवर ख्यालीखुशाली विचारताना त्यांच्या विम्याच्या कार्डावर ‘टी.डी.आय.’ किंवा ‘डी.ओ.आय.’ ही अक्षरे छापली आहेत की नाहीत, तेवढे विचारून घ्यावे. असतील, तर तक्रार घेऊन ऑस्टिनच्या विमा खात्याकडे जाता येईल. नसतील, तर त्या खात्याकडे दाद नाही.