आपली मोटार आहे तिथेच असू द्यावी

प्रति,
सायकल ट्रॅकवर विसावलेल्या पांढऱ्या मोटारीचे मालक,
पुणे.

विषय : आभार मानण्याबाबत.

महोदय,

आपली आणि आमची ओळख नाही, पण आपल्या मोटारीशी आमचा चांगला घरोबा आहे. ती सकाळी असते, संध्याकाळी असते, दिवाळीत असते. पावसाळ्यात तिच्याखाली मांजर व्यायली तेव्हाही ती होती. ती कुठे उभी असते हे इथे मुद्दाम लिहीत नाही. पत्ता न दिल्यामुळे शहरातल्या बऱ्याच जणांना हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटेल आणि तो मान त्यांनाही मिळायला हवा.

आधी थोडा हिशेब सांगतो. ट्रॅक दोन मीटर रुंद, आपली मोटार पावणेदोन मीटर. राहिले पंचवीस सेंटिमीटर. साध्या सायकलचं हँडल साठेक सेंटिमीटर भरतं, तेव्हा ज्याला आपली सायकल घडी करून काखेत मारता येते त्याला वाट मोकळी आहे. बाकीच्यांनी आपल्या डिकीपाशी थांबायचं, मागून बस येत नाही ना ते बघायचं, ट्रॅकची वीतभर उंच पायरी उतरून रस्त्यावर यायचं आणि बॉनेट संपलं की पुन्हा ट्रॅकवर चढायचं. गर्दीच्या वेळी बस येतच असते. म्हणजे थांबणं आलं. आभार मानायचे आहेत ते या थांबण्याबद्दल.

आपण इथे मुक्कामाला येण्यापूर्वी आम्ही रोज एकमेकांच्या शेजारून जायचो आणि एकमेकांकडे बघायचोसुद्धा नाही. सायकलवाल्याचा स्वभावच तो. मागून कोणी पुढे गेला की बघितलंच नाही असं दाखवायचं आणि हळूच दोन पेडल जोरात मारायची. मोटारीच्या खिडकीतून हात बाहेर काढून भांडता तरी येतं, सायकलवर तेवढीही सोय नाही. मग आपण आलात, आणि डिकीमागे रांग लागायला लागली. रांगेत माणूस किती दिवस गप्प बसणार? आणि तेही पुण्यातला?

पहिली ओळख चेनमुळे झाली. ती पायरी उतरताना जो दणका बसतो त्यानं जुन्या सायकलची सैल चेन हमखास उतरते. एका बाईंची उतरली. एरंडवण्यात चार घरी त्यांची स्वयंपाकाची कामं आहेत. मुलगी कॉलेजला ॲक्टिव्हावर जायला लागली म्हणून तिची लेडीबर्ड आईकडे आली. पुढच्या टोपलीत मेथीची जुडी, मागे कॅरिअरला डबा. त्या खाली बसून चेनशी झटत होत्या, तेवढ्यात ॲटलास सायकलवाले काका स्टँड लावून आले. ‘‘हात नका काळे करू ताई, कणीक मळायची असेल,’’ असं म्हणत त्यांनी झाडाखालची काडी उचलली आणि काडीनंच चेन चढवून दिली. काका बुधवार पेठेतल्या एका दुकानात जमाखर्च लिहितात. पँटच्या पायाला अजून क्लिप लावतात. तेव्हापासून काका त्यांना ताई म्हणतात आणि त्या त्यांना भाऊ. बाकीचे आम्ही सगळे मावशी म्हणतो.

आम्हाला एकमेकांची नावं फारशी माहीत नाहीत हे सांगायला हवं. नाव विचारायच्या आधी सायकल कळते, मग विचारायचं राहूनच जातं. एक आहेत वॉचमन. रात्रपाळी संपवून ते आमच्या उलट दिशेनं येतात. त्यांच्या एका पेडलचा रबर केव्हाच गेलाय, नुसती दांडी उरली आहे, म्हणून त्यांना आम्ही आपसात ‘दांडीवाले’ म्हणतो. आणि एक आहे हिंजवडीचा पोरगा. आमच्या सगळ्यांच्या सायकली मिळून होणार नाही एवढी त्याच्या एकट्याच्या सायकलची किंमत. डोक्यावर हेल्मेट, अंगात चापूनचोपून बसलेला चकचकीत पोशाख, मनगटावर त्याच्या हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ. पहिले काही आठवडे तो आमच्या रांगेत उभा राहायचा ते बस चुकून झोपडपट्टीच्या थांब्यावर उतरल्यासारखा. कानात काहीतरी वाजत असायचं.

मग एकदा तो पंक्चर झाला. काच होती. ती कुठून आली हे आम्ही विचारत नाही, आपल्या मोटारीच्या सगळ्या काचा शाबूत आहेत. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला व्हॉल्व्ह बघून म्हणाला, ‘‘ही कसली सुई? याला हवा मी नाही मारू शकत.’’ पोराकडे महागडा पंप होता, पण टायर रिममधून काढायचा कसा हे त्याला माहीत नव्हतं. दांडीवाल्यांनी मावशींच्या डब्यातले दोन चमचे मागून घेतले आणि त्यांच्या दांड्या टायरच्या कडेखाली सारून क्षणात टायर सोडवला. ट्यूब गालाजवळ फिरवून बारीक भोक शोधलं. काकांच्या सीटखालच्या कातडी पिशवीतून सोल्युशन, कानस आणि ठिगळ निघालं. हे सगळं आपल्या बॉनेटवर, खाली वर्तमानपत्र पसरून. आपल्या रंगाची आम्ही काळजी घेतो. नंतर त्याच्या पंपाचं कौतुक झालं. त्याला म्हणे दोन तोंडं असतात. एक त्याच्या त्या सुईला चालतं, दुसरं मोटारसायकल आणि मोटारीच्या व्हॉल्व्हलाही. चमचे मावशींनी घासायला त्याच्याच हातात दिले. त्या दिवसापासून कानातलं खिशात असतं.

आपल्या मोटारीमागे आमचं ज्ञानही वाढतं. बस जाईपर्यंत काका इतिहास सांगतात. हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं, खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्त्यावर दुसरं काही दिसायचं नाही, आकुर्डीला स्कूटर बनवणारे कामगार सायकलवर कामाला जायचे आणि त्याच स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे. सायकलला बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलात तर पोलीस सरळ चाकातली हवा सोडून द्यायचा. एवढं बोलून काका आपल्या मोटारीच्या चाकाकडे बघत राहतात, तेव्हा आम्ही घाईघाईनं विषय बदलतो.

काकांचं दुखणं वेगळंच आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला. २०२० साली नेमक्या त्याच दिवशी ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. तेव्हापासून त्या तारखेला काका कोणाच्याही शुभेच्छा घेत नाहीत. हिंजवडीच्या पोरानं एकदा फुलं आणली होती, ती त्यांनी मुकाट्यानं मावशींच्या टोपलीत ठेवली.

आमच्यासाठी कोणी काही केलंच नाही असं नाही. २००६ च्या डिसेंबरात सातारा रस्त्यावर बीआरटी बससेवा सुरू झाली तेव्हा तिच्या शेजारी सायकल ट्रॅकही होता. २०१७ च्या डिसेंबरात शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. त्याच सुमाराला भाड्याच्या सायकली आल्या. पिवळ्या, केशरी, मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या. दोनेक वर्षांत त्या दिसेनाशाही झाल्या. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. तिच्या मार्गावरचे रस्ते असे गुळगुळीत झाले की साय धरली असती. देशोदेशीची पोरं वाऱ्यासारखी गेली. मावशींनी विचारलं, ‘‘एवढ्या घाईनं कुठल्या ऑफिसला जातात रे ही?’’ योजना येतात, भाड्याच्या सायकली जातात, शर्यती संपतात. आपण मात्र कोणतीही निविदा न काढता, उद्घाटनाला कोणाला न बोलावता आलात आणि टिकलात.

रविवारी पहाटे खडकवासल्याकडे आणि सिंहगडाच्या पायथ्याशी जाणारे सायकलस्वार आपल्याला दिसले असतील. त्यांच्यात आणि आमच्यात गल्लत करू नये. ते हौसेनं घाम गाळतात, आम्हाला घाम न येता पोचायचं असतं. त्यांचा फोटो चढावर निघतो. आमचा निघालाच तर पावसात, सीटवर मिठाईच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली असताना. दर जूनला मावशी अशा पिशव्यांचा गठ्ठा आणतात आणि रांगेत वाटतात. पोराच्या त्या सुरीसारख्या सीटला पिशवी नीट बसत नाही, म्हणून त्याच्यासाठी दुधाची धुतलेली पिशवी वेगळी असते. हिंजवडीला पोचल्यावर तो ती काढून खिशात ठेवतो की नाही याबद्दल आमच्यात दोन मतं आहेत.

आता मुद्द्याचं. गेल्या मे महिन्यात एका सकाळी आपली मोटार जागेवर नव्हती. ट्रॅक लांबपर्यंत मोकळा होता. काका हात वर करून निघून गेले. मावशींनी दोनदा घंटी वाजवली आणि त्याही गेल्या. पोरगा तर एवढ्या जोरात गेला की दिसलासुद्धा नाही. उलट बाजूनं दांडीवाले येत होते. त्यांच्या कॅरिअरला पेढ्यांचा बॉक्स बांधलेला होता. मुलगी बारावीला उत्तम मार्कांनी पास झाली होती. गाव सोडून इथे आलेल्या त्यांच्या घरातली बारावी झालेली ती पहिलीच. थांबायला कारणच नसल्यामुळे कोणी थांबलं नाही, आणि भर रस्त्यात हाका मारणं त्यांच्या स्वभावात नाही. बॉक्स तसाच घरी गेला. दुसऱ्या दिवशी आपण परत आलात आणि आपल्या डिकीमागे पेढे वाटले गेले. मुलीला नर्सिंगला पाठवायचं की कसं यावर पोरानं तिथेच मोबाइलवर माहिती काढून दिली. तेवढ्यात तीन बसगाड्या निघून गेल्या, पण कोणी हललं नाही. एक पेढा आपल्या वायपरखाली ठेवला होता. मांजरानं नेला नसल्यास मिळाला असेल.

म्हणून विनंती की यापुढे बाहेरगावी जायचं झाल्यास दोन दिवस आधी काचेवर चिठ्ठी लावून कळवावं, म्हणजे आम्हाला दुसऱ्या एखाद्या मोटारीची व्यवस्था बघता येईल. तशी ती अवघड नाही. आपल्या पुढे एक टेम्पो आणि त्याच्यापुढे एक पाणीपुरीची गाडी असते, पण त्यांच्याशी आमचं तेवढं जमलेलं नाही. टेम्पो मध्येच कामाला जातो.

कळावे. लोभ आहेच, तो असाच ट्रॅकवर ठेवावा.

आपले नम्र,
खोळंबलेले

ता. क. : परवापासून आपलं मागचं डावं चाक बसलं आहे. ते आम्ही बसवलेलं नाही. काकांना शपथ घालून विचारलं. पोराचा पंप आपल्या व्हॉल्व्हला नीट बसतो, हे लावून पाहिलं आहे. सायकलच्या पंपानं मोटारीचं चाक भरायचं म्हणजे काहीशे दट्टे मारावे लागतील, पण आम्ही आळीपाळीनं मारू. सकाळी आठ ते सव्वाआठ आम्ही आपल्या डिकीपाशी असतो. आपणही यावं, समोर चहा बरा मिळतो. आणि हवा भरली म्हणून मोटार हलवलीच पाहिजे, असा आमचा आग्रह नाही.