तळव्यातलं यकृत

मधुमेह असो, दमा असो की जुनाट बद्धकोष्ठता. प्रदर्शनातल्या रिफ्लेक्सॉलॉजीच्या स्टॉलवर सगळ्यांना एकच प्लास्टिकची खुर्ची. मागे पायांचा रंगीत तक्ता: यकृत उजव्या तळव्यात, हृदय डाव्या. तळव्यात लाकडी खुंटी रुतली आणि तुम्ही ‘आई गं’ म्हणालात की निदान तयार. ‘काका, लिव्हर वीक आहे.’ वर दहा बैठकांचं पॅकेज.

तक्ता ऋषिमुनींचा वगैरे नाही हं. फिट्झगेराल्ड या अमेरिकी कान-नाक-घसातज्ज्ञानं शरीराचे दहा उभे पट्टे पाडले, त्यावरचं पुस्तक आलं १९१७ साली. पुढे १९३०च्या दशकात युनिस इंगहॅमबाईंनी सगळे अवयव तळव्यात आणून बसवले.

या तक्त्याची परीक्षाही झाली आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्टांपुढे १८ जणांचे पाय ठेवले, आजार न सांगता. आजार ओळखणं राहिलंच, दोघांचं आपसांतही धड जमेना. २००९ मध्ये एडझार्ड अर्न्स्ट या संशोधकानं रिफ्लेक्सॉलॉजीच्या १८ चाचण्या चाळल्या. कुठल्याही आजारावर खात्रीचा पुरावा सापडला नाही. मिशिगनमध्ये स्तनाचा कर्करोग बळावलेल्या बायकांवरचा अभ्यास जास्त प्रामाणिक वाटतो. रिफ्लेक्सॉलॉजीनं धाप कमी झाली, हालचाल सुधारली. दुखणं आणि मळमळ मात्र जिथल्या तिथे. आणि थकवा कुणाचा उतरला? ज्यांचे पाय तक्ता न बघता नुसतेच चोळले, त्यांचा!

म्हणजे पाय चेपून घेतल्यानं बरं वाटतं. हे आपल्याकडे काशाच्या वाटीला कधीपासूनच ठाऊक आहे. तळव्यांना तूप लावायचं, वाटी गोल गोल फिरवायची, तळवे काळे झाले की ‘उष्णता निघाली’ म्हणायचं. (काळं होतं ते काशामुळे, पण असू दे.) त्या वाटीनं कधी लिव्हरचं नाव घेतलं नाही, पॅकेजही विकलं नाही. स्टॉलवर चेपण्याचे पैसे थोडे, तक्त्याचेच फार.

दीर्घ आजारात माणूस कंटाळतो, कुणी तासभर पाय हातात घेतले तर सुखावतो. त्याला हसू नये. पण मधुमेहानं पाय बधिर झालेला माणूस खुंटी रुतली तरी ओरडत नाही. त्याचं लिव्हर ठणठणीत ठरतं आणि तळव्याची जखम चिघळते. अशांनी आधी डॉक्टरांना पाय दाखवावेत. आणि चालू गोळ्या तर कुठल्याही स्टॉलच्या सांगण्यावरून बंद करू नयेत.