अडतीस टक्के मोकळा माणूस

एखाद्याला आळशी म्हणा, तो भांडेल. त्याला 'अडतीस टक्के मोकळा' म्हणा, तो खचतो. कारण टक्केवारीशी भांडायची सोय नसते. अंधेरीच्या सीप्झपासून मालाडच्या माइंडस्पेसपर्यंत ज्या ज्या ऑफिसांत कॉम्प्युटरवर पोट चालतं, तिथे कोण किती मोकळा हे सांगायला आता एआय येऊन बसलं आहे. टीमची यादी द्या, कामं द्या, डेडलाइन द्या. चहा येईपर्यंत कोणाला कुठल्या प्रोजेक्टवर टाकायचं याचा रंगीत तक्ता हजर. लाल म्हणजे भरलेला माणूस, हिरवा म्हणजे रिकामा. या व्यवस्थेवरची माझी हरकत एखाद्या उदात्त तत्त्वातून आली आहे, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण तिचा उगम शुद्ध अहंकारात आहे. आपण नसलो तर अंधेरी पूर्वेतला निदान एक मजला तरी ठप्प होईल, अशी ज्याची खाजगी समजूत आहे, त्याला स्वतःला हिरव्या रंगात बघवत नाही. अर्थात, मुद्दा अहंकारातून निघाला म्हणून तो खोटा ठरत नाही. तसं असतं तर मराठी वैचारिक वाङ्मयातलं फारसं काही शिल्लक राहिलं नसतं.

या तक्त्याची मुख्य खोड ही की रिकामी जागा दिसली की तो तिथे काम कोंबतो. दोष त्याचा नाही. 'युटिलायझेशन वाढव' असं आपणच त्याला सांगतो, आणि आपण पडलो लोकलच्या संस्कारातले. तिघांच्या बाकावर 'जरा सरकून घ्या' म्हणत चौथा टेकतो, बोरिवलीपासून चर्चगेटपर्यंत अर्ध्या मांडीवर तोल सांभाळतो, आणि हा सगळ्यांना क्षमतेचा विस्तार वाटतो. पण चौथ्या सीटवरच्या माणसाला फक्त पोचायचं असतं. त्याने तिथे बसून कोड लिहावा अशी कोणाची अपेक्षा नसते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगने १९०९ साली ज्या रांगांच्या गणिताचा पाया घातला, त्यातलं सगळ्यात साधं सूत्र याबाबतीत निष्ठुर आहे. कामं आगाऊ वर्दी न देता येत असतील, प्रत्येकाला लागणारा वेळही बेभरवशाचा असेल आणि माणूस ८० टक्के भरलेला असेल, तर नव्या कामाला सरासरी चार कामांइतका वेळ ताटकळावं लागतं. तोच ९० टक्के भरला की नऊ कामांइतका, आणि ९५ टक्क्यांना एकोणीस. म्हणजे मॅनेजरने शेवटचे पाच टक्के पिळून काढले की रांग दुपटीहून लांब होते, आणि मग ती रांग का वाढली यावर मीटिंग लावण्यासाठी आणखी तास लागतात. डबेवाल्यांना हे सूत्र कोणी शिकवलेलं नाही, तरी त्यांच्या गटागटांत दोन-तीन माणसं जादा असतात. ती आपल्या तक्त्यात हिरवीगार दिसली असती आणि पुढच्याच तिमाहीत घरी गेली असती.

यावर कोणी म्हणेल, यंत्र नव्हतं तेव्हा माणसं कुठे मोठं नियोजन करत होती? प्रश्न रास्त आहे, आणि अंधेरीत त्याला उत्तर देणं महाकठीण, कारण समोर रुळांवरून जाणारा गोखले पूल उभा असतो. या पुलाविषयी मला जरा जास्तच जिव्हाळा आहे, तेव्हा वाचकांनी थोडं सबुरीने घ्यावं. नोव्हेंबर २०२२ मध्ये धोकादायक म्हणून तो बंद झाला. पूर्व-पश्चिम ये-जा करणाऱ्यांनी सव्वा वर्ष वळसे घातले. २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, आणि तेव्हा अवघ्या उपनगराने पाहिलं की ज्या बर्फीवाला उड्डाणपुलाने त्याला येऊन मिळायचं, तो मीटरभराहून अधिक खाली राहून गेला आहे. गंमत अशी की प्रत्येकाचा कागद आपापल्या जागी बरोबर होता. रुळांवर किती उंची सोडायची याचा रेल्वेचा नवा दंडक बरोबर, त्याप्रमाणे चढवलेला नवा पूल बरोबर, आणि जुना बर्फीवाला तर बिचारा जागचा हललाही नव्हता. चूक होती ती दोन कागदांच्या मध्ये, आणि मध्ये कोणाचंच खातं नसतं. पुढे जे झालं त्याला मी प्रशासकीय प्रतिभेचा नमुना मानतो: कोणी चुकलं असं न म्हणता, जॅक लावून बर्फीवालाच उचलला. जुलै २०२४ मध्ये दोघे एकमेकांना मिळाले, आणि गोखले पूल संपूर्ण खुला व्हायला मे २०२५ उजाडला. दोन्ही आराखडे एआयला दिले असते तर त्याने दोन उंच्या मिनिटभरात शेजारी मांडून दाखवल्या असत्या, हे मान्य. शिवाय ते आपल्या गावच्या पोराला सोपं काम देत नाही, चेहरा बघून रेटिंग देत नाही, हेही मान्य. कागदावर आलेल्या गोष्टींच्या बाबतीत ते आपल्याहून सरस आहे, याबद्दल वादच नको.

वाद कागदावर न आलेल्या गोष्टींचा आहे. गणपतीला टीममधलं कोण कोण गावी जाणार, हे कोकणकन्येच्या आरक्षणावरून रेल्वेला ६० दिवस आधी कळतं; नोव्हेंबर २०२४ पूर्वी तर १२० दिवस आधी कळायचं. ऑफिसच्या सॉफ्टवेअरला ते आदल्या आठवड्यात कळतं, तेही 'फॅमिली फंक्शन' या नावाने. मग सगळं आधी भरून घ्या, मेल आणि चॅटही यंत्राला वाचू द्या, ते शिकेल, असं त्याचे भक्त सांगतात. शिकेलही. पण आईचं डायलिसिस दिवसाआड असतं, मुलुंडचं पाळणाघर साताला बंद होतं आणि घाटकोपरला मेट्रोतून उतरून जिन्यावरच्या गर्दीतून वाट काढत लोकल पकडायची असते, या गोष्टी कोणी चौकटीत भरत नाही. त्या ज्याच्यावर विश्वास आहे त्याला, शक्यतो लिफ्टजवळ, सांगितल्या जातात. त्याहून कागदाबाहेरचा एक माणूस प्रत्येक टीममध्ये असतो: अडलं की सगळे ज्याच्या टेबलाशी जातात तो. त्याचे हे तास कुठल्याच प्रोजेक्टच्या नावावर लागत नाहीत, म्हणून तो हिरवा. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीर वाढतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलं. कारण नव्यांना शिकवायला जुन्यालाच बसावं लागतं. तो जुना म्हणजे हाच. आणि मोकळा म्हणून बेंचवर पाठवायच्या यादीत पहिलं नाव कोणाचं? त्याचंच.

मला खरी चीड येते ती यंत्राची नाही, त्याच्या आडोशाची. पूर्वी शनिवारी कोणाला बोलवायचं तर मॅनेजरला उठून त्याच्या टेबलापर्यंत यावं लागायचं. थोडं इकडचं-तिकडचं बोलून, नजर चुकवत 'येशील का रे जरा?' म्हणावं लागायचं, आणि वडापाव स्वतःच्या खिशातून मागवावा लागायचा. त्या ओशाळेपणात समोरच्याला 'नाही जमणार' म्हणायची फट असायची. मॅनेजरलाही तिथेच कळायचं की घरी काहीतरी बिनसलंय. आता शनिवार परस्पर कॅलेंडरमध्ये येऊन पडतो आणि विचारलं तर उत्तर मिळतं, 'सिस्टिमने अलोकेट केलंय.' हे म्हणणाऱ्याला पापही लागत नाही आणि वडापावही. जुने मॅनेजर फार प्रेमळ होते असं नव्हे. त्यांतले बरेच नमुनेच होते. पण त्यांना आपल्या तोंडाने मागावं लागायचं, आणि निदान भांडायला समोर एक माणूस असायचा.

तेव्हा बेरजा-वजाबाक्या यंत्राने खुशाल कराव्यात. फक्त त्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: हे काम या माणसाला सांगायला त्याच्या टेबलापाशी कोण जाणार, त्याचं नाव. ते नाव भरेपर्यंत पुढचं पान उघडू नये. वडापावच्या बिलासाठी वेगळं कलम नको, ते त्याच नावावर टाकता येईल. आणि हिरव्याऐवजी दुसरा एखादा भारदस्त रंग, निदान वरिष्ठांपुरता, मिळत असेल तर बघावा. या शेवटच्या मागणीमागे कुठलंही गणित नाही.