ताडमाडांसाठी होडीवास : पहिला धडा

हा धडा इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट भाड्याने घेऊन आठवडा काढायला निघालेल्या, सहा फुटांहून उंच सज्जनांसाठी आहे. लेखकाची उंची सहा फूट तीन इंच. ‘वर हवा कशी आहे?’ हा प्रश्न तो शाळेपासून ऐकत आला आहे. बुटक्यांनी हा धडा ऑप्शनला टाकावा.

१. पार्श्वभूमी (दोन गुण)

१७६६ साली ट्रेंट अँड मर्सी कालव्याचे काम सुरू झाले. अभियंता जेम्स ब्रिंडली याने पाणी आणि पैसा वाचवण्यासाठी लॉक, म्हणजे होडीला चढउतार करवणारे दरवाजांचे हौद, जेमतेम सात फूट रुंद ठेवले. हौद सात फुटांचा, म्हणून होडी सहा फूट दहा इंचांची. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत चालते. थोडक्यात, एसटीपेक्षा अरुंद आणि दोन एसट्यांएवढी लांब.

आमची होडी ५७ फुटांची होती. एवढ्या लांबीत माझ्यासारखे नऊ जण एकापुढे एक झोपतील, असा हिशेब मी घरीच मांडला होता. हिशेब बरोबर होता. फक्त पलंग करणाऱ्याला तो कोणी दाखवला नव्हता.

२. आत उतरणे

मागच्या टोकाला सरकते झाकण, दोन बुटकी दारे आणि तीन उभट पायऱ्या असतात. शिडीसारखे, पाठमोरे उतरा. वाड्याच्या दिंडीतून ये-जा केलेल्यांना वाकायची सवय असते. त्यांनाच धोका जास्त. दिंडी ओलांडली की माणूस सवयीने ताठ होतो. तिथे पुढे चौक असतो, इथे छत. पहिला कपाळमोक्ष इथेच होतो.

३. उभे राहणे

होडीच्या भिंती वर जाताना आत कलतात, त्यामुळे पुरती उंची फक्त मधोमध मिळते. आमच्या होडीत ती सव्वासहा फूट होती. म्हणजे मी मावत होतो, माझ्या चपला मावत नव्हत्या. शिवाय हवा खेळावी म्हणून छताला भोके असतात आणि त्यांची पितळी कडी आतल्या बाजूला इंचभर खाली येतात. दुसऱ्या दिवशी माझ्या टाळूवर व्यवस्थित चंद्रकोर उमटली होती.

होडी स्वतःची असेल तर एक खरा उपाय आहे. पाण्यात नीट बसावी म्हणून होडीच्या जमिनीखाली विटा किंवा फरश्यांचे वजन भरलेले असते. त्याऐवजी लोखंडाच्या पट्ट्या घातल्या, तर तेवढेच वजन कमी जागेत मावते आणि जमीन इंच-दोन इंच खाली घेता येते. भाडेकरूने मोज्यांवर भागवावे.

४. आंघोळ

न्हाणीचा तळ जमिनीपेक्षा उंच असतो, कारण खाली सांडपाण्याचा पंप असतो. म्हणून तिथे उभ्याने आंघोळ करू नये. खाली बसा आणि टमरेल घ्या. आजोबा पाटावर बसून आंघोळ करत, ते उगाच नव्हे.

५. झोपणे (सर्वाधिक गुण)

पलंग दोन प्रकारचे. पहिला आडवा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत : लाकडी अस्तर वजा जाता सहा फूट. दुसरा होडीच्या लांबीत, सहा फूट तीन इंच बाय चार फूट. तो पाहून मला गहिवरून आले. पण निजलेल्या माणसाची पावले पुढे कलंडतात. आडवा माणूस उभ्यापेक्षा तीन-चार इंच लांब भरतो. पलंगाच्या पायथ्याशी फळी असेल तर हे चांगलेच कळते. म्हणून होडी ठरवण्याआधी स्वतःला निजवून मोजा, अंगठ्यांसकट.

इथे पायथागोरस कामी येतो. या पलंगाचा कर्ण सात फूट पाच इंच होतो. मी कर्णावर झोपलो. पत्नीला दोन त्रिकोण उरले. माणूस त्रिकोणी नसतो, हे तिने रात्री दीड वाजता सांगितले.

कुरकुर करण्याआधी जुने मालवाहू होडीवाले आठवावेत. अख्खे कुटुंब मागच्या दहा फुटी खोलीत राही आणि नवराबायकोचा पलंग रात्री कपाटातून खाली पाडला जाई. १८७७च्या कायद्याखाली मोठ्या माणसामागे ६० घनफूट आणि बारा वर्षांखालच्या मुलामागे ४० घनफूट जागा ठरली. ६० घनफूट म्हणजे सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, चार फूट उंच खोका. कायद्याने वय विचारले, उंची विचारली नाही.

तिसऱ्या रात्री मी बैठकीच्या गाद्या काढून मधल्या बोळात अंथरल्या. बोळ दोन फूट रुंद, पण लांबीला अंत नाही. अंथरूण पाहून पाय पसरण्याऐवजी पाय पाहून अंथरूण पसरले आणि गाढ झोपलो. संडासला जायची वाटही तीच आहे, हे पहाटे चार वाजता बरगड्यांना समजले.

स्वाध्याय

१. गाळलेली जागा भरा : होडी ५७ फूट, माणूस सव्वासहा फूट, तरी पाय ______.

२. कारणे द्या : उंच माणसाने होडीत ‘सुप्रभात’ बसूनच म्हणावे.

३. एका वाक्यात उत्तर लिहा : पुढच्या वर्षी पुन्हा जाल का? (पत्नीची उंची पाच फूट दोन इंच. तिने आगाऊ रक्कम भरली आहे.)