किरकोळ दोष दुरुस्त केले आहेत

गाडीला दुसरा सायलेन्सर लावला तर आरटीओ दंड करतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आणून दरपत्रकही ठरवून दिलं: मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यामुळे एमएच २४ पाटीच्या बुलेटमधून फटाके फोडत फिरणारा उदगीरचा पोरगा कायद्याने गुन्हेगार आहे, आणि झोपमोड झालेल्या कुणाचीही त्याला हरकत नाही. पण इलेक्ट्रिक गाडी रात्री अंगणात उभी असताना तिला हवेतून अपडेट येतं. सकाळी तिचा पिकअप निराळा असतो, पाय उचलल्यावर ती वेगळ्याच रीतीने आवरते, शंभर टक्के चार्जिंगला दाखवायची ते किलोमीटरही बदललेले असतात. मालकाच्या पदरात पडते ती स्क्रीनवरची एक ओळ: किरकोळ दोष दुरुस्त केले असून कामगिरी सुधारली आहे. दोष कोणता होता आणि तो असताना घरातली माणसं त्याच गाडीतून किती दिवस फिरली, हे त्या ओळीत बसत नाही. मालकाने नट बदलला की गुन्हा, कंपनीने स्वभाव बदलला की सुधारणा.

सगळ्यांकडे पोहोचण्याआधी हे अपडेट काही निवडक गाड्यांत जातं. त्याला बीटा म्हणतात. साध्या भाषेत, कंपनीला स्वतःला खात्री नाही म्हणून गिऱ्हाइकाला दिलेलं सॉफ्टवेअर. निवड कशी होते ते गुप्त, काय तपासतात ते गुप्त, काय बिघडलं ते तर फारच गुप्त. आता ‘कुणाला सांगू नको’ असं बजावून सांगितलेली गोष्ट उदगीरच्या मोंढ्यात संध्याकाळपर्यंत पोहोचते, तर ती जगात का पोहोचू नये? मग आवृत्तीच्या आकड्यांवर अंदाज सुरू होतात. शेवटचे दोन आकडे वाढले म्हणजे ब्रेक बदलले, मधला वाढला म्हणजे रेंज वाढणार. मटक्याचा आकडा लावणाऱ्यांनीही इतक्या आत्मविश्वासाने कधी गणित मांडलं नसेल. या अंदाजांना हसणं सोपं आहे, पण माहिती दडवली की तिची जागा अफवा घेणारच. त्याचा दोष अफवा पसरवणाऱ्याकडे निम्माच जातो.

या गुप्ततेतून काय निघतं, याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा टेस्लाने देऊन ठेवला आहे. गाडी आपसूक चालवण्याच्या सॉफ्टवेअरचा बीटा कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये मोजक्या चालकांना दिला. पुढच्या वर्षी दार थोडं उघडलं तेव्हा चालकांना सुरक्षिततेचे गुण दिले गेले, आणि पहिला मान शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्यांना मिळाला. लातूर पॅटर्नची कीर्ती कॅलिफोर्नियापर्यंत गेली की काय, कोण जाणे! सुरुवातीच्या परीक्षार्थींकडून गुप्ततेचा करार लिहून घेतला होता. गाडीचे व्हिडिओ टाकायचे तर निवडक टाका, असा त्याचा सूर होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने या कराराबद्दल कंपनीला लेखी विचारणा केली. मुद्दा सरळ होता: दोष कळवणाऱ्याचंच तोंड बांधलं तर आम्हाला दोष कळायचा कसा? त्याच महिन्यात १०.३ ही आवृत्ती आली आणि काही गाड्या समोर काही नसताना धडकेचा इशारा देऊ लागल्या, ब्रेक दाबू लागल्या. दोन दिवसांच्या आत ती मागे घ्यावी लागली, आणि पुढे ११,७०४ गाड्यांचा रीतसर रिकॉल नोंदवावा लागला. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच बीटासाठी ३,६२,७५८ गाड्यांचा रिकॉल झाला. कारणं काय, तर वळायच्या लेनमधून सरळ जाणं, थांबा लिहिलेलं असताना पुरतं न थांबणं. साडेतीन लाखांवर गाड्यांत जे चालू आहे त्याला ‘चाचणी’ म्हणायला शब्दांवर बरीच हुकमत लागते. २०२४ मध्ये बीटा हा शब्द काढून ‘देखरेखीखालील’ हा शब्द लावण्यात आला. देखरेख अर्थातच पैसे भरणाऱ्याची. मुंबईत जुलै २०२५ मध्ये शोरूम उघडलं तेव्हा आपल्याकडेही या सोयीची किंमत ६ लाख रुपये सांगितली गेली.

यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं की प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागू नये म्हणून गुप्तता पाळावी लागते. गाडी बाजारात येण्याआधी हे एक वेळ पटेल. चाकणच्या आसपास काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचं कापड गुंडाळलेल्या गाड्या फिरतात, त्या याच कारणासाठी. खरं तर असली गाडी दिसल्याशिवाय राहत नाही. रस्त्यावरचा प्रत्येक जण मोबाइल काढतो आणि कंपनीची फुकट जाहिरात होते. तरी ते असो. पण विकलेल्या गाडीबाबत हा युक्तिवाद लंगडा पडतो. प्रतिस्पर्ध्याला तुमची गाडी तपासायची असेल तर तो शोरूममधून एक विकत घेतो आणि नटनट सुटा करतो. कराराने त्याचे डोळे झाकले जात नाहीत, झाकले जातात ते शेजारच्या फ्लॅटमध्ये तीच गाडी घेतलेल्या माणसाचे.

दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक आहे: प्रयोगशाळेत सगळं कळत नाही, रस्त्यावर उतरावंच लागतं. शंभर टक्के मान्य. उलट उदगीरकरांना हे कुणी शिकवायची गरज नाही. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी इथे निजामाला नमवलं, त्यात इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाचा आणि तोफांचा मोठा वाटा होता. चाचणी नंबर एक, निकाल उत्तम. तीच यंत्रणा जेमतेम वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपतावर उतरली. समोर शत्रू वेगळा, मुलूख वेगळा, रसद तुटलेली. गारद्यांच्या तोफांनी तिथेही काम चोख केलं, बाकीचं गणित फिसकटलं. एका रस्त्यावर पास झालेली वस्तू दुसऱ्या रस्त्यावर पास होईलच असं नसतं, म्हणून तर कुठे तपासली आणि काय निघालं हे उघड हवं. चाचणी करू नका, असं कुणीच म्हणत नाही.

अर्धवट माहिती दिली तर लोक घाबरतील, अशीही काळजी दाखवली जाते. लोक एवढे नाजूक नाहीत. ओलाची स्कूटर १५ ऑगस्ट २०२१ ला जाहीर झाली तेव्हा सांगितलेला क्रूझ कंट्रोल जून २०२२ च्या अपडेटमध्ये आला आणि चढावर गाडी धरून ठेवणारी सोय डिसेंबर २०२२ च्या. लोकांनी तीही वाट पाहिली, हप्ते मात्र पहिल्या महिन्यापासून अंतिम आवृत्तीत भरले. आणि खुलेपणाने जग बुडत नाही: संयुक्त राष्ट्रांच्या नियम १५६ प्रमाणे अपडेटचा हेतू आणि त्यातले बदल वाहनधारकाला सांगावे लागतात, त्याची नोंद ठेवावी लागते, आणि ते फसलं तर गाडी जुन्या किंवा सुरक्षित स्थितीत न्यावी लागते. युरोपात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना हे लागू आहे. तिथले कारखाने अजून चालू आहेत.

राहता राहिला आपल्याकडचा लाडका आक्षेप: उदगीरात असल्या गाड्या आहेत किती? कमीच असतील. पण दिवाळीला पुण्याहून आणि हैदराबादहून गाड्या येतातच, आणि बिदर रोडला रात्री त्यांच्यापुढे असतो तो दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर. मागे लाल दिवा नाही, रेडियमची पट्टी चिखलाने माखलेली, मोळ्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, एका चाकाला टेकण म्हणून धोंडा लावून गडी पंक्चर काढतोय. पुढे निम्म्या रस्त्यावर वाळायला घातलेलं सोयाबीन. हे चित्र कोणत्या बीटामध्ये तपासलं, हा प्रश्न ट्रॅक्टरवाल्याचा आहे, कारण धडक त्याला बसायची आहे. कंपनीचा इंजिनिअर ही चाचणी पगार घेऊन करतो, गाडीमालक सहा लाख मोजून करतो, आणि हा गडी फुकटात. त्याच्याकडे करार घेऊन कुणी गेलंच, तर सही कुठे करायची हे विचारण्याआधी तो रोज किती मिळणार ते विचारेल.