पट्टी

आमच्या फादरांच्या कॉलरमध्ये एक पांढरी पट्टी असते. प्लास्टिकची, चार बोटं लांब. अंगठ्याने सारली की आत, ओढली की बाहेर. आत असली की फादर. खिशात गेली की उमेदवार.

नियम आहेत. १९८३च्या धर्मसंहितेचं कलम २८५ म्हणतं, धर्मगुरूने सत्तेचं पद घ्यायचं नाही. २८७ म्हणतं, पक्षात सक्रिय व्हायचं नाही. पण चर्चच्या हक्कांसाठी किंवा लोकहितासाठी वरिष्ठांना गरज वाटली, तर गोष्ट वेगळी. या ‘तर’मधून प्रचाराची जीप भोंग्यासकट जाते. इंग्रजांनी तर १८०१ साली कायदाच केला, की पाद्र्याने निवडून यायचं नाही. तो उठला २००१ साली. तोवर मोठे बिशप मात्र न निवडून येताच वरच्या सभागृहात बसत होते. अजूनही बसतात, २६ जण. म्हणजे भानगड सगळी आमच्या फादरांसारख्या साध्या पट्टीवाल्यांचीच.

फादरांना चिन्ह मिळालं बादली. त्या रविवारी प्रवचन झालं विहिरीवरच्या शोमरोनी बाईवर. पुढच्या रविवारी पुन्हा तीच विहीर, तीच बाई. ती प्रभूला म्हणते ना, की तुझ्याकडे पाणी काढायला काही नाही, तिथे फादर थांबले. पूर्ण अर्धा मिनिट. ‘काय नव्हतं प्रभूकडे?’ त्यांनी विचारलं, आणि प्रथम कम्युनियनच्या वर्गातली पोरं एका सुरात ओरडली. धर्माच्या नावाने मत मागणं १९५१च्या कायद्याने भ्रष्टाचार ठरतं, पण मत मागितलं कुणी? फादरांनी बादलीचं नावसुद्धा घेतलं नाही. तिसऱ्या रविवारी पवित्र पाणी शिंपडायला नेहमीचं पितळी भांडं नव्हतं, नवी कोरी निळी बादली होती. माझ्या चष्म्यावर तीन थेंब पडले.

इथवर मी हसत होतो. मग आत्या गेली. चारची वेळ ठरली होती. साडेपाचपर्यंत पेटी देवळाच्या ओट्यावर, मे महिन्याच्या उन्हात. फादर प्रचारफेरीत. जिने चाळीस वर्षं या देवळाची फुलं बदलली, तिला फुलं कोमेजेपर्यंत ताटकळत ठेवायचं? लोकसेवा करायची आहे ना, मग खुशाल करा, झगा खुंटीला टांगून राजीनामा द्या आणि आमच्यासारखे उन्हात उभे राहा! हरलात की परत येऊन त्यागावर प्रवचन द्यायची सोय आम्ही का म्हणून ठेवायची?

आले एकदाचे. घामाने निथळत, गळ्यात झेंडूचा हार. हार काढला. खिसे चाचपले, वरचा, खालचा, मागचा. पट्टी जीपमध्ये राहिली होती. शेवटी हाताला काहीतरी पांढरं लागलं, ते दुमडून त्यांनी कॉलरमध्ये सारलं आणि प्रार्थना सुरू केली.

माती टाकायला ते वाकले तेव्हा मी समोरच होतो. मतदार चिठ्ठी होती. अनुक्रमांक दुमडला गेला होता, पण भाग क्रमांक आमच्याच आळीचा. आत्याची वाटायची राहून गेलेली असावी.