घरबसल्या जॅझचे जाणकार व्हा

जॅझ आवडायला नुसते कान पुरतात. जॅझचा जाणकार व्हायचं तर मात्र दिवाणखाना, मोडता येईल अशी मुदत ठेव आणि सोशिक कुटुंब लागतं. तिन्ही हाताशी असतील तर पुढे वाचा.

१. आधी यंत्र घ्या. संगीताचं नंतर बघू. ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचाच हवा. त्याच्या आवाजात ऊब असते, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगा. नागपुरात राहत असाल तर मे महिन्यात ती अंगालाही जाणवेल.

२. स्पीकरची वायर चांदीची घ्या आणि ती फरशीला टेकू देऊ नका. तिला उचलून धरणारे ठोकळे वेगळे विकत मिळतात. भिंतीच्या आत बिल्डरने टाकलेली वायर आहे, तिचा विचार करू नका. एखादा इंजिनिअर भाचा म्हणेल, ‘मामा, डोळे बांधून ऐका आणि कोणती वायर ते ओळखा.’ साफ नकार द्या. डोळे बांधले की मनावर ताण येतो आणि ताणात बारकावे निसटतात, हे कारण या क्षेत्रात मान्य आहे.

३. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण साधा. त्यात खुर्ची एकच मावते. घरच्यांना ऐकायचंच असेल तर बाजूला बसवा आणि ‘तिथून तुम्हाला खरं कळणार नाही’ असं प्रेमाने सांगा. पुढेपुढे ते आपणहून स्वयंपाकघरात बसू लागतील. वाईट वाटून घेऊ नका, तिथे पंखा असतो.

४. आता आवडत्या अल्बमची यादी करा. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ यादीत हवाच, पण तो सगळ्यांकडे असतो, म्हणून ‘माझ्याकडे १९५९ची मूळ तबकडी आहे’ असं जोडा. ध्वनिमुद्रणाच्या वेळी एक टेपयंत्र किंचित हळू चालत होतं, त्यामुळे त्या तबकडीची पहिली बाजू किंचित चढ्या सुरात वाजते. दुरुस्ती झाली थेट १९९२मध्ये. मधली ३३ वर्षं लोक तीच बाजू लावून ‘काय अचूक आवाज आहे!’ म्हणत होते. तुम्हीही म्हणा.

५. बिल इव्हान्सच्या पियानोबद्दल बोलू नका, ते कोणीही बोलेल. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात त्याचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा मागे ग्लास किणकिणत होते आणि गिऱ्हाइकं गप्पा मारत होती. पाहुण्याला विचारा, ‘उजवीकडच्या टेबलावरचा ग्लास ऐकलात?’ इव्हान्सकडे लक्ष न देणारी ही मंडळी इतकी स्वच्छ ऐकू यावीत, यासाठीच तर आपण लाखो रुपये मोजले.

६. काही गोष्टी पाहुण्यांपासून लपवा. सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनचा ‘ब्लू ट्रेन’ अल्बम १९५७मध्ये रुडी व्हॅन गेल्डरने आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रित केला. तेव्हा तो दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा. चार्ली पार्करने १९५३मध्ये टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये चक्क प्लास्टिकचा सॅक्सोफोन वाजवला. चांदीच्या वायरीतून प्लास्टिक ऐकवतोय हे कळलं, तर पाहुणा चहा घेऊनच उठेल.

७. माणसाच्या कानाची धाव फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत, आणि वयाबरोबर तीही आखडते. यंत्र परवडेपर्यंत तुमची पन्नाशी उलटलेली असणार. तरीही ४०,००० हर्ट्झपर्यंत जाणारा ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, घ्या. सोसायटीतली कुत्री दाद देतील.

८. एखादे काका म्हणतील, ‘हे आपल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’सारखं वाटतंय.’ घाबरू नका. १९५१च्या त्या चित्रपटाच्या संगीतात चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवादक होता आणि तो मुंबईत जॅझच वाजवायचा. म्हणजे काकांनी रेडिओवर ऐकून बरोबर ओळखलं. तुम्ही मंद हसा आणि म्हणा, ‘नाही हो काका, हे वेगळं.’ मग वायरीची किंमत सांगा. काका गप्प बसतील.

९. सगळ्यात मोठा धोका शेवटी. गाणं रंगात आलं की एखाद्याचा पाय नकळत ठेका धरतो. ताबडतोब सुई उचला. फरशीचा कंप तबकडीपर्यंत पोचतो आणि आवाज बिघडतो. त्याला नम्रपणे समज द्या, आणि पुढच्या वेळी बोलावू नका. तो गाणं ऐकायला आला होता.